आज्ञा कळली आहे, पण पाऊल उचलत नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे: वडिलांनी दोघा भावांसाठी म्हणून तुमच्या हाती ठेवलेल्या पैशांतला धाकट्या भावाचा वाटा तुम्ही त्याला दिला नाहीत, हिशेबही दाखवला नाहीत. त्यावरून दोन वर्षं अबोला आहे. प्रार्थनेला बसलं की 'त्याच्याकडे जा' हा विचार येतोच. शिवाय गेले काही महिने नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं असंही वाटू लागलं आहे. दोन्ही गोष्टींसाठी तुम्ही देवाकडे खूण मागता आणि खूण मिळाल्यासारखी वाटली तरी आणखी एक मागता. त्यातच 'उशिरा पाळलेली आज्ञा म्हणजे मोडलेलीच आज्ञा' असं एका संदेशात ऐकलंत आणि तेव्हापासून झोप लागत नाही. माझा देवावर भरवसाच नाही का, असं तुम्ही विचारता.

मी तीसेक वर्षं पाळकीय सेवेत आहे. या काळात हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आणि बऱ्याचदा मी स्वतःलाही विचारला. माझा अनुभव असा, की विश्वास किती हे मोजण्याआधी हातात काय आहे ते नीट पाहावं लागतं. तुम्ही दोन निराळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्या आहेत. भावाचा वाटा परत करणं ही आज्ञा आहे, ती कधीच दिली गेलेली आहे. नोकरी सोडणं हा आजच्या घडीला मार्गदर्शनाचा विषय आहे, त्यावर अजून कुठलाच शब्द तुमच्या हाती नाही. जिथे खूण मागायचं कारण नाही तिथे तुम्ही खुणा मागत बसला आहात आणि जिथे थांबायला हवं तिथे 'उशीर होतोय' म्हणून जीव टांगणीला लावला आहे. दोन्हीकडे एकच नियम लावल्यावर झोप उडणारच.

आधी भावाबद्दल बोलतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा जीव तिथे आहे.

नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातली पाचवी आणि सहावी वचनं तुम्हाला पाठ असतील: पूर्ण मनाने परमेश्वरावर भरवसा ठेव, स्वतःच्या बुद्धीवर टेकू नकोस, तो तुझे मार्ग सरळ करील. आपण ती भिंतीवर लावतो, वाढदिवसाच्या कार्डावर लिहितो. त्याच अध्यायात बावीस वचनं पुढे गेलं की भरवशाचं रूप कसं असतं ते दिसतं. ज्याचं देणं आहे त्याचं अडवून ठेवू नकोस, असं सत्ताविसावं वचन म्हणतं. आणि अठ्ठाविसावं म्हणतं की देण्याजोगं तुझ्याजवळ असताना शेजाऱ्याला 'आता जा, उद्या ये, मग देईन' असं सांगू नकोस. भरवसा ठेव म्हणणारा आणि उद्यावर ढकलू नकोस म्हणणारा गुरू एकच आहे, श्वासही जवळजवळ तोच. मला हे उशिरा दिसलं. अनेक वर्षं मी पाचव्या वचनावर प्रवचनं केली आणि सत्ताविसाव्यापर्यंत पोचलोच नाही.

प्रभू येशूने मत्तय ५:२३-२४ मध्ये हेच आणखी टोकदार केलं आहे. वेदीपाशी दान घेऊन उभा असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. इथे 'आठवलं' या शब्दाकडे लक्ष द्या. तुम्हाला प्रार्थनेत जे होतं ते हेच आहे. तुम्ही त्याला 'विचार येतो' म्हणता, खूण म्हणून तपासता. प्रभूने त्यावर काय करायचं ते आधीच सांगून ठेवलं आहे. आठवण झाली की उठायचं. आणि तुम्ही ज्या प्रार्थनेत खूण मागता, तीच प्रार्थना मध्येच थांबवून जा असं तो म्हणतो. प्रार्थना कमी मोलाची म्हणून नव्हे. या बाबतीत तिचं उत्तर मिळून गेलं आहे म्हणून.

खुणा मागण्यासाठी तुम्ही इस्राएलाचा पुढारी गिदोन याच्या लोकरीचा आधार घेतला आहे. बहुतेक जण घेतात. शास्ते ६:३६-४० पुन्हा एकदा सावकाश वाचा. गिदोन लोकर खळ्यात ठेवतो तेव्हा म्हणतो, 'तू सांगितल्याप्रमाणे माझ्या हातून इस्राएलाचा बचाव करणार असशील तर'. म्हणजे देवाने काय सांगितलं ते त्याला ठाऊक होतं. लोकर ओली झाली, जमीन कोरडी राहिली, तरी पुरलं नाही. दुसऱ्या रात्री उलटं मागितलं. देवाने ते सहन केलं, ही देवाची सहनशीलता. ती आपल्यासाठी पद्धत म्हणून लिहिलेली नाही. मला मात्र त्याच अध्यायातला आधीचा प्रसंग जास्त आवडतो. बआल या दैवताची वेदी मोडून टाक, असं देवाने सांगितलं त्याच रात्री गिदोनाने दहा चाकर घेतले आणि ती मोडली. दिवसा करायला तो घरच्यांना आणि गावकऱ्यांना भ्याला, म्हणून रात्री केली. ही भीती शास्त्र लपवत नाही. आणि भ्याला म्हणून त्याचं आज्ञापालन बाद ठरलं, असंही कुठे म्हणत नाही.

हे सांगण्याचं कारण आहे. भीती गेली की जाईन, असं तुम्ही धरून बसला आहात. मनात शांती आली की ती देवाची संमती आणि पोटात गोळा आला की नकार, असा अर्थ आपल्याकडे फार चालतो. कबुलीच्या बाबतीत तर हे मोजमाप हमखास चुकतं. चूक कबूल करायला निघालेल्या माणसाच्या पोटात गोळा येणारच. शांती बहुधा परत येताना भेटते. कधीकधी तेव्हाही नाही.

आपल्या भाषेत याबद्दल एक ठेवा आहे. आपण म्हणतो, 'पोरगं आईचं ऐकत नाही'. त्याच्या कानात काही बिघाड आहे असं कुणी समजत नाही. ऐकणं म्हणजे मानणं, करणं. अनुवाद ६:४ मधला 'हे इस्राएला, ऐक' हा हिब्रू शब्द 'शमा' अगदी असाच दुहेरी आहे: कानावर घेणं आणि त्याप्रमाणे वागणं. हे दोन अर्थ आपण चर्चमध्ये येऊन वेगळे केले. 'देवाचा आवाज ऐकायला शिका' या विषयावर शिबिरं होतात, आणि ऐकणं म्हणजे आतला आवाज ओळखण्याचं कसब, असं लोक समजतात. तुमच्या बाबतीत आवाज ओळखण्याची अडचण नाही. ऐकण्याची आहे, मराठीतल्या अर्थाने.

मग हा उशीर का होतो? इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे.

सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बैठकीत मी एका सहकाऱ्यावर हिशेबातल्या घोळाचा दोष ठेवला, सगळ्यांसमोर. आठवड्याच्या आत कळलं की चूक माझ्याच टिपणातली होती. त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो अकरा महिन्यांनी. मधल्या काळात मी काय करत होतो? प्रार्थना करत होतो. 'योग्य वेळ दाखव' म्हणत होतो. 'आत्ता सांगितलं तर मंडळीत फूट पडेल' असंही एक कारण होतं, आणि ते मला फार जबाबदारीचं वाटे. शेवटी गेलो, तेव्हा त्या भल्या माणसाने दोन वाक्यांत क्षमा केली. त्याने ती मनात कधीच करून टाकली होती. पण त्याच्या मुलीने त्या अकरा महिन्यांत उपासनेला येणं सोडलं होतं. बापाला अप्रामाणिक म्हटलेलं तिने ऐकलं होतं आणि कुणीही उठून ते खोडलेलं तिला दिसलं नव्हतं. ती त्या मंडळीत परत आली नाही. माझी कबुली तिच्यापर्यंतही मी नेली, तिने शांतपणे ऐकून घेतलं, एवढंच.

तेव्हापासून उशिराचा विचार करताना मी आधी विचारतो, या उशिराची किंमत कोण देतंय? आपण समजतो की उशीर हा आपल्या आणि देवाच्या मधला खासगी मामला आहे, त्याला सवड असते. बहुतेक वेळा तिसराच कुणी भरत असतो. तुमच्या बाबतीत भाऊ आहे, त्याची बायकामुलं असतील, आणि तुमची आई हयात असेल तर तीही.

दुसरं म्हणजे, मी कशावर भरवसा ठेवत नव्हतो हे मला त्या प्रकरणात उमगलं. देव आहे, तो चांगला आहे, याबद्दल मला शंका नव्हती. माझं नाव गेल्यावरही तो मला सांभाळील, यावर भरवसा नव्हता. नाव मीच सांभाळायचं, बाकीचं देवाने, अशी वाटणी मी केली होती. म्हणून 'माझा विश्वास कमी आहे का' या प्रश्नापेक्षा 'कुठली एक गोष्ट मी देवाच्या हाती द्यायला तयार नाही' हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. तुमच्या पत्रातून मला दोन दिसतात: पैसा, आणि मोठा भाऊ म्हणून असलेला मान. त्यातलं अधिक जड कुठलं, ते तुम्हालाच ठाऊक. माझा अंदाज मानाकडे झुकतो. कारण पैसे परत करण्याचे मार्ग तुम्ही सविस्तर लिहिले आहेत. भावासमोर तोंडाने काय म्हणाल, ते एका ओळीतही नाही.

भरवसा आधी भरपूर साठवायचा आणि मग आज्ञा पाळायला निघायचं, असा क्रम मला तरी कुणाच्या आयुष्यात दिसला नाही. लूक ५ मध्ये पेत्र रात्रभर राबून रिकाम्या हाताने आलेला आहे, जाळी धूत बसला आहे. येशू म्हणतो, खोल पाण्यात जाऊन जाळी सोड. पेत्राचं उत्तर पाहा: रात्रभर कष्ट करून काही मिळालं नाही, तरी तुझ्या शब्दावरून सोडतो. त्याला मासे मिळतील अशी खात्री होती, असं त्या उत्तरातून वाटत नाही. शब्द कुणाचा आहे ते ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर होडी ढकलली. मत्तय आणि मार्क सांगतात तसं पेत्र आणि त्याचा भाऊ अंद्रिया जाळी मागे ठेवून 'लागलीच' येशूमागे निघाले हे खरं, पण योहानाच्या पहिल्या अध्यायात दिसतं की त्यांची येशूशी ओळख आधी झाली होती. अंद्रियाने तो दिवस त्याच्यासोबत काढला होता. अनोळखी माणसाच्या हाकेवर घरदार सोडलं, असं ते नव्हतं. ओळखीतून भरवसा येतो, भरवशाने माणूस एक पाऊल टाकतो, आणि त्या पावलाने ओळख वाढते. हे चक्र कुठून तरी सुरू करावं लागतं. तुमच्यासाठी ते भावाच्या दारातून सुरू होईल, असं मला वाटतं.

आता तुमच्या झोपेबद्दल. ते 'मोडलेलीच आज्ञा' वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं वाक्य जिवाला फार लागतं.

खरं केवढं? प्रेषितांची कृत्ये, अध्याय २४ मध्ये सुभेदार फेलिक्स कैदेत असलेल्या पौलाचं बोलणं ऐकून घाबरतो आणि म्हणतो, आता जा, सवड मिळाली की बोलावीन. पुढे तो पौलाला वारंवार बोलावून घेतो, संभाषणं होतात, आणि दोन वर्षं लोटतात. पौल बंदिवासातच राहतो. फेलिक्सने नकार कधीच दिला नाही, तो फक्त पुढच्या वेळेवर टाकत राहिला. ऐकायला पुन्हा पुन्हा येणारा माणूसही असा अडकून राहू शकतो, हे मला त्या गोष्टीत फार बोचतं. तसंच गणना १३ आणि १४. कादेश-बर्ण्यापाशी मोशेसोबतच्या इस्राएली लोकांनी वचनदत्त देशात जायला नकार दिला. शिक्षा ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून 'आता जातो' म्हणाले. मोशे म्हणाला, जाऊ नका, परमेश्वर तुमच्यात नाही. तरी गेले, आणि होर्मापर्यंत मार खात आले. आज्ञा कालची होती. आज तेच पाऊल आज्ञाभंग ठरलं. म्हणजे काही दारं बंद होतात, हे खरं.

पण मत्तय २१ मधला पहिला मुलगा आठवा. बाप म्हणाला, मळ्यात जाऊन काम कर. तो 'जात नाही' म्हणाला, आणि मग पस्तावून गेला. बापाच्या इच्छेप्रमाणे कुणी केलं, असं येशू विचारतो तेव्हा उत्तर हाच मुलगा आहे. उशिरा गेलेला. तोंडाने 'जातो' म्हणून न गेलेला दुसरा नव्हे. आणि उत्पत्ती १९:१६ तर मी खचलेल्या माणसांना नेहमी वाचून दाखवतो. नाश ठरलेलं सदोम शहर सोडायची वेळ आली तरी लोट रेंगाळतोच आहे. तेव्हा दूतांनी त्याचा, त्याच्या बायकोचा आणि दोन्ही मुलींचा हात धरून त्यांना बाहेर काढलं, कारण परमेश्वराला त्याची दया आली. रेंगाळणाऱ्याचा हात धरणारा देव आहे हा. दोन वर्षं गेली म्हणून तुमचं दार बंद झालं, असं मानायला मला कुठलाही आधार दिसत नाही. तुमचा भाऊ जिवंत आहे, पत्ता ठाऊक आहे, आणि आठवण अजून येते आहे.

'लगेच' म्हणजे किती लगेच, असंही तुम्ही विचारलं आहे. हाग्गय संदेष्ट्याचं छोटं पुस्तक पाहा. यरुशलेमेतल्या मंदिराचं काम सुमारे सोळा वर्षं अडलं होतं. लोक म्हणत होते, 'मंदिर बांधायची वेळ अजून आली नाही'. इ. स. पूर्व ५२० मध्ये, सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी हाग्गयाने वचन सांगितलं आणि त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी काम सुरू झालं. मध्ये तेवीस दिवस गेले. लाकडं आणायची होती, माणसं जमवायची होती. तरी शास्त्र म्हणतं, त्यांनी परमेश्वराचा शब्द मानला. म्हणजे त्या तेवीस दिवसांत उशीर झाला असं देव म्हणत नाही. त्याआधीच्या सोळा वर्षांबद्दल म्हणतो. तयारी आणि टाळाटाळ यांत फरक कसा ओळखायचा? मी एकच कसोटी लावतो: कालच्यापेक्षा आज काम त्या गोष्टीच्या जवळ सरकलं का? हिशेबाचे कागद काढलेत, बँकेत चौकशी केलीत, भावाला 'रविवारी येऊ का' असं विचारलंत, तर ती तयारी. आणखी एक खूण मागितलीत, तर आपण होतो तिथेच आहोत.

काही आज्ञा एका रात्रीत पाळायच्या असतात, काहींना आयुष्य लागतं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली-बायकांना आणलं, तेव्हा मागे सगळी व्यवस्था तयार होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. त्याच रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरासाठी वर्षानुवर्षं बसल्या, मूळ भाषा शिकल्या, आणि १९२२ मध्ये निधन होईपर्यंत ते काम चाललं. दुष्काळातली माणसं वाट पाहू शकत नव्हती. भाषांतर घाईने झालं नसतं. दोन्हीकडे ऐकणं एकच होतं.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, नोकरीकडे येतो.

इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुमची परिस्थिती मला पुरती माहीत नाही. कर्ज आहे का, तुमच्यावर कोण अवलंबून आहे, पत्नीचं मत काय, कुठली सेवा, त्या सेवेची तुम्हाला आजवर किती सवय, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना तुमच्यात ते दान दिसतं का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून 'सोडा' किंवा 'सोडू नका' असं मी म्हणणार नाही. पण विचार कसा करावा ते सांगू शकतो.

घाई हाही आज्ञाभंगाचा एक प्रकार आहे, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. १ शमुवेल १३ मध्ये शौल राजाला शमुवेल संदेष्टा येईपर्यंत सात दिवस थांबायला सांगितलं होतं. सातवा दिवस उजाडला, शमुवेल दिसेना, सैन्य पांगू लागलं, आणि शौलाने स्वतःच होमबली अर्पण केला. तो आटोपतो न आटोपतो तोच शमुवेल आला. बाहेरून पाहणाऱ्याला ते किती तत्पर आणि किती भक्तीचं दिसलं असेल! तसंच अब्राहाम: वयाच्या ७५ व्या वर्षी हारान सोडून निघाला, देवाने वचन दिलेला मुलगा इसहाक झाला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. मधल्या पंचवीस वर्षांत वाट पाहवली नाही म्हणून पत्नीची दासी हागार हिच्याकडून मूल मिळवण्याचा मार्ग काढला आणि ८६ व्या वर्षी इश्माएल झाला. त्या घाईचं दुःख हागारने आणि तिच्या मुलाने सोसलं. आणि तोच अब्राहाम, सुंतेची स्पष्ट आज्ञा मिळाली तेव्हा 'त्याच दिवशी' ती पाळतो, उत्पत्ती १७:२३. इसहाकाचं अर्पण करायला मोरिया देशाला जायचं ठरतं तेव्हा पहाटे उठतो. शब्द असेल तिथे त्याच दिवशी, शब्द नसेल तिथे थांबणं: हा फरक त्यालाही आयुष्यभर शिकावा लागला.

थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. पारसच्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याने यरुशलेमेच्या पडलेल्या तटाची बातमी किसलेव महिन्यात ऐकली आणि राजापुढे तो नीसान महिन्यात बोलला. चारेक महिने उपास, प्रार्थना, आणि मनात आखणी. राजाने विचारल्यावर मात्र त्याला लाकूड कुठून, पत्रं कुणाला, किती काळ, सगळं तयार सांगता आलं. मार्गदर्शन एकट्याचंही नसतं. प्रेषितांची कृत्ये १६:१० मध्ये मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत पौलाला एकट्याला झाला, पण देवाने आम्हाला बोलावलं आहे असं 'आम्ही अनुमान केलं' असं लूक लिहितो. सर्वांनी मिळून विचार केला, आणि मग निघायला वेळ लावला नाही.

इथेच एक इशारा देतो, आणि तो मनापासून देतो. 'देवाने मला सांगितलं की तू नोकरी सोडावीस' असं तुम्हाला कुणी म्हटलं असेल, तर १ राजे १३ वाचा. यहूदातून बेथेलला आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती: तिथे जेवू नकोस, पाणी पिऊ नकोस, आल्या वाटेने परतू नकोस. एका वृद्ध संदेष्ट्याने 'मला दूताने सांगितलं' म्हणून त्याला घरी नेलं, जेवू घातलं. ते खोटं होतं, आणि त्या माणसाचा जीव गेला. तत्पर आज्ञापालन देवाचं करायचं असतं. पुढाऱ्याच्या शब्दाला देवाचा शब्द मानून त्वरा करायला लावणारी शिकवण मी जवळून पाहिली आहे. तिने घरं मोडतात. 'लगेच हो म्हण, विचारलंस तर तुझा विश्वास नाही' असं कुणी म्हणू लागलं की तिथेच थांबा. आत्म्यांची परीक्षा करा असं १ योहान ४:१ सांगतं. विचारणं हे आज्ञेतच बसतं.

आणखी एका प्रकारच्या माणसांसाठी हे उत्तर उलटं वाचावं लागतं. एक बहीण माझ्याकडे येत असे. तिला प्रत्येक विचार ही देवाची आज्ञा वाटे. रात्री उठून तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करी, क्षुल्लक गोष्टीसाठी लोकांना पुन्हा पुन्हा क्षमा मागे, आणि न मागितल्यास छातीत धडधड. तिला मी 'लगेच पाळ' असं कधीच म्हटलं नाही. आलेला विचार एका विश्वासू व्यक्तीला सांग, दोन दिवस काही करू नकोस, असं सांगितलं. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायलाही लावलं, आणि उपचाराने तिला पुष्कळ बरं वाटलं. तुमची झोप फक्त भावाच्या प्रकरणाने उडाली असेल तर ती भावाकडे जाऊन आल्यावर येईल. पण असे हुकूम दिवसभर, दहा गोष्टींबद्दल येत असतील, तर मला किंवा तुमच्या पाळकाला तसं स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांना भेटा. ते विश्वास कमी असण्याचं लक्षण नाही.

आता प्रत्यक्ष जाण्याबद्दल. कबुली द्यायला निघालेल्यांसोबत मी अनेकदा गेलो आहे, त्यातून चार गोष्टी सांगतो.

हिशेब आधी कागदावर मांडा, तुमच्या विरुद्ध जाणाऱ्या नोंदींसकट. दोन वर्षं ते पैसे तुमच्याकडे राहिले, त्याचा जो लाभ झाला असेल तोही धरा. जकातदार जक्कयाने लूक १९:८ मध्ये लुबाडलेलं चौपट परत द्यायची तयारी दाखवली. तुम्ही निदान पुरतं तरी द्या. सगळी रक्कम हाताशी नसेल तर पहिला भाग सोबत न्या आणि उरलेला कधी देणार ते लिहून द्या. पत्नीला ही गोष्ट ठाऊक नसेल तर आधी तिच्याशी बोला. घरातल्या पैशांतून परतफेड होणार आहे, आणि तिने ती दुसऱ्याकडून ऐकू नये.

भावाला 'देवाने मला पाठवलं' असं म्हणू नका. ते खरं असलं तरी त्याच्यावर ओझं पडतं. मग त्याने नकार दिला तर देवाला नकार दिल्यासारखं होतं. 'मी तुझा वाटा अडवून ठेवला. ते चुकीचं होतं. हा हिशेब, हे पैसे.' एवढं पुरे. त्यानंतर 'पण तूही' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य तोंडात येईल, तुमच्या पत्रातही ते तीनदा आलं आहे. ते तिथे बोलू नका. त्याच्याकडूनही चुका झाल्या असतील, त्यांचा हिशेब या भेटीत नाही. पैसे देण्यासाठी त्याच्या क्षमेची अटही घालू नका. त्याने दार लावून घेतलं तरी वाटा त्याचाच आहे, तो पोचवा. रोमकरांस पत्र १२:१८ म्हणतं, तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकंच.

दोन बाबतींत मी सल्ला बदलीन. प्रकरण कोर्टात असेल तर आधी वकिलाशी बोला, कारण कागदावरचा एखादा शब्द दोघांनाही अडचणीत आणू शकतो. आणि भाऊ हात उगारणारा असेल तर एकटे जाऊ नका. दोघांनाही मान्य असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या किंवा त्यांच्या हाती पाठवा. यांतलं काही नसेल, तर पुढच्या उपासनेच्या आधी जाऊन या, असं मी म्हणेन. मुदत माझी आहे, शास्त्राची नाही. पण मुदत नसली की आपण काय करतो ते माझ्या अकरा महिन्यांनी मला शिकवलं.

पूर्णवेळ सेवेबद्दल तोवर कुणालाही उत्तर देऊ नका, राजीनामाही लिहू नका. मंडळीत जी सेवा आज हाती आहे ती करत राहा. भावाला भेटून आलात की मला लिहा, भेट कशीही झाली असली तरी. सोबत कर्ज, घरातली माणसं आणि आजवर केलेली सेवा याबद्दलही लिहा. मग नोकरीच्या प्रश्नावर आपण नीट बोलू. आज रात्री मी तुम्हा दोघा भावांची नावं घेऊन प्रार्थना करणार आहे.